बाई कुठे?

टिळकवाडी, बेळगाव
२१ जून २०२४

चि. सुहास,

आशीर्वाद लिहिते आहे. घ्यायचे की परत पाठवायचे ते तू ठरव. फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर माझ्या नावाचं काय करून ठेवलं आहेस कोण जाणे, माझे निरोप एका खुणेवरच अडकून बसतात. म्हणून तुझ्या पुण्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर लिहिते. आईचं पत्र माणूस चारचौघांसमोर फाडत नाही, असा माझा अंदाज.

मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण वर्ग बंद केलेला नाही. शाळेच्या बालवाडीतून निवृत्त झाल्यावर बाबांच्या बैठकीच्या खोलीत सुरू केला तो, तू ज्याला ‘आईचा धिंगाणा’ म्हणायचास. सोमवार, बुधवार, शुक्रवार, चार ते पाच. तीन ते पाच वर्षांची पोरं, एक ढोलकी, चार खुळखुळे आणि मी. यंदाही जूनमध्ये आईबाप आले आणि यंदाही त्यांनी तेच विचारलं, ‘गाऊन-नाचून काय होणार? एबीसीडी घेता का?’ मी म्हटलं, जे मूल एका पायावर पाच मोजेपर्यंत उभं राहतं ते उद्या बाकावर नीट बसेल, आणि एकदा बसलं की एबीसीडी कोणीही शिकवील. त्यांना पटत नाही. तरी फॉर्म भरतात, कारण तेवढा एक तास घर शांत राहतं.

आज वर्गात दहावं मूल आलं, एक मुलगी. साडेतीन वर्षांची. तिला सांभाळणाऱ्या अक्काताई म्हणून आहेत, बेळगुंदीच्या, त्या घेऊन आल्या. मला म्हणाल्या, “बाई, पोरगी लई गुणाची हाय, पर मराठी लई येत न्हाय तिला. आईकडं समदं कानडीच बोलत्यात. आन् आवाज झाला की अंग चोरतीया.” मुलगी त्यांच्या पदरामागून एका डोळ्याने माझ्याकडे बघत होती. नाव विचारलं तर अक्काताईच म्हणाल्या, “कनका.”

फॉर्म घरूनच भरून आणला होता. पूर्ण नाव कनकांबर. वडिलांच्या नावाची ओळ रिकामी. आईचं नाव गिरिजा.

सुहास, कानडीत अबोलीच्या फुलाला कनकांबर म्हणतात. बेळगावात गजरा घेणाऱ्या कुठल्याही बाईला विचार. तुला बहीण नाही म्हणून बारशाला आत्याचा मान मीच घेतला होता आणि पाळण्यात कुर्रर्र करून नाव ठेवलं होतं, अबोली. गिरिजाने ते नाव टाकून दिलं नाही. आपल्या भाषेत नेलं.

मी फॉर्म घडी करून ठेवला आणि ढोलकी घेतली. तिला काहीच कळू दिलं नाही. अक्काताईंनाही नाही. वर्ग सुटल्यावर मात्र स्वयंपाकघरात जाऊन रडले, ते तुला सांगते. नऊ महिन्यांची असताना गेलेली पोर स्वतःच्या पायांनी माझ्या घरात आली आणि मला ‘बाई’ म्हणून गेली.

त्या दिवसाचं काही काढत नाही. फक्त तुझी मुलगी आली होती, एवढंच कळवायचं होतं.

आई


१२ जुलै २०२४

चि. सुहास,

तुझं उत्तर नाही. ठीक. पत्र परतही आलेलं नाही, त्यात मी समाधान मानते.

पहिल्या दिवशी ढोलकीवर थाप पडली आणि कनका अक्काताईंच्या पदरात शिरली ती तासभर बाहेर आली नाही. दुसऱ्या दिवशी कान झाकून दारातच बसली. बाकीची पोरं उड्या मारत होती आणि ही उंबऱ्यावर मुटकुळं करून. तीस वर्षांत आवाजाला घाबरणारी पोरं मी पुष्कळ पाहिली, कुकरच्या शिट्टीला रडणारी, मिक्सरला रडणारी. पण ही रडत नाही. नुसती लहान लहान होत जाते.

मी जबरदस्ती करत नाही, तुला माहीत आहे. ढोलकी आडवी ठेवली आणि सगळ्यांना म्हटलं, आज वाजवायची नाही, आज ढोलकीला गोंजारायचं. प्रत्येकाने तळहात ठेवायचा, मी दुसऱ्या बाजूने एका बोटाने टिचकी मारायची. कातडं थरथरलं की पोरं खिदळत होती. असं दोन आठवडे चाललं. एका आईने तर विचारलंच की फीमध्ये ढोलकीला गोंजारणं पण येतं का. मी म्हटलं, हो, आणि आयांना समजावणं फुकट येतं.

परवा बुधवारी कनका उंबऱ्यावरून उठली. आली, तळहात ठेवला. मी टिचकी मारली. तिने हात काढला, उलटा करून बघितला, त्याला काही झालं नव्हतं. पुन्हा ठेवला. मग मला काही न विचारता तिने स्वतः एक थाप मारली. एवढीशी, पापड मोडल्याएवढी. आणि सुहास, ती दचकली नाही. आवाज बाहेरून येतो तेव्हा अंगावर येतो, आपल्या हाताने काढला की आपला होतो, हे मी पालकांना दर वर्षी सांगते आणि ते घड्याळ बघतात. परवा मीच ते पहिल्यांदा पाहिल्यासारखं पाहिलं.

तू लहानपणी याच ढोलकीवर भिजवलेल्या डाळीचं वाटण फासलं होतंस, आठवतं का? तो डाग अजून आहे. कनका नेमकी त्या डागावर हात ठेवते.

तिचे कान तुझ्यासारखे आहेत, वरच्या टोकाला जरा दुमडलेले.

आई


५ ऑगस्ट २०२४

चि. सुहास,

आज एक गंमत लिहिते. तुलाही हसू येईल. यायला हवं.

माझं ते अवयवांचं गाणं तुला पाठ असेल. ‘नाक कुठे? नाक हे. कान कुठे? कान हे.’ डोकं, डोळे, पोट, गुडघे, सगळं झालं की शेवटी मी ढोलकी थांबवते, दम धरते आणि विचारते, ‘बाई कुठे?’ आणि सगळी पोरं धावत येऊन मला हात लावतात. तीस वर्षं हे असंच चाललंय. त्या एका धावण्यासाठी पोरं आधीचं सगळं गाणं म्हणतात. तालावर थांबायचं, नाव ऐकायचं, आपलं अंग शोधायचं आणि मग मोकळं सुटायचं. या चार गोष्टी एका मिनिटात कुठल्या पाटीवर शिकवून होतात, सांग मला.

आज मी विचारलं, ‘बाई कुठे?’ नऊ पोरं माझ्या अंगावर आली. कनका जागची हलली नाही. तिने आपलं बोट आपल्या ओठांवर ठेवलं.

पोरं हसली. नागोजी नावाचा एक दांडगोबा आहे, बेकरीवाल्यांचा, तो ओरडला, “हिला बाईच माहीत न्हाईत!” कनकाचा चेहरा उतरला. बोट ओठांवरच राहिलं. मला आधी वाटलं, ही सगळ्यांना गप्प बसा म्हणतेय. मग डोक्यात प्रकाश पडला. कानडीत बायी म्हणजे तोंड! मी ‘बाई कुठे’ विचारलं, तिने तोंड दाखवलं. वर्गात सगळ्यात अचूक उत्तर तिचंच होतं. आपण सीमेवरची माणसं, दोन्ही भाषा तोंडात घोळवत म्हातारे झालो, आणि तीस वर्षांत माझ्या हे ध्यानात येऊ नये!

मी सगळ्यांना खाली बसवलं आणि सांगितलं, कनकाचं बरोबर आहे, तिच्याकडे तोंडाला बायी म्हणतात. मग आम्ही गाणं पुन्हा म्हटलं आणि सगळ्यांनी आपापलं तोंड धरलं. कनका इकडेतिकडे बघत होती. दहा जण आपलं ऐकून काही करतायत, हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला. मग तिने मान खाली घातली आणि हसली.

घरी कोणाला सांगू म्हणून तुला लिहिलं.

आई


१८ सप्टेंबर २०२४

चि. सुहास,

काल विसर्जन झालं. आपल्या गल्लीतून मिरवणूक गेली तेव्हा मी दार लावून बसले होते, मलाच आता ढोल-ताशे सोसत नाहीत. आज अक्काताई सांगत आल्या, “बाई, काल ढोल वाजाय लागलं तवा मला वाटलं आता ही पलंगाखाली जातीया. पर न्हाय! खिडकीत हुबारली आन् हातानं ठेका धरला की वो. तिची आई निपाणीस्नं आली ती बघतच ऱ्हायली.” गिरिजाची नोकरी आता निपाणीला आहे. सकाळच्या बसने जाते, यायला सात वाजतात. तोवर अक्काताईच सगळं बघतात.

आजकाल कनकाचा आवडता खेळ पुतळ्याचा. ढोलकी वाजते तोवर नाचायचं, थांबली की जिथे असाल तिथे पुतळा. हात वर असला तर वरच. सुरुवातीला पोरांना हे जमत नाही. ढोलकी थांबते, हात थांबत नाही. महिनाभराने जमायला लागतं. मग तीच पोरं भांडताना मारायला हात उचलतात आणि अर्ध्यात थांबवतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. कालपरवा नागोजीने रागाने खुळखुळा उगारला आणि कनकाच्या डोक्यावर न घालता तसाच धरून उभा राहिला. स्वतःच चकित झाला होता. या वर्गाचा फायदा काय असं मला आता कोणी विचारलं ना, तर मी एवढाच एक प्रसंग सांगीन.

शेकडो पोरांना मी उचललेला हात थांबवायला शिकवलं. तू माझ्या पायाशी बसून हा खेळ सगळ्यात जास्त खेळलास.

मी म्हटलं होतं, त्या दिवसाचं काढणार नाही. काढत नाही. गिरिजाचे आप्पा बैलहोंगलहून आले आणि मला म्हणाले, “बाई, तुम्ही लेकरांना शिकवता. तुम्ही खोटं बोलणार न्हाय. हिला त्यानं मारलं का?” आणि मी सांगितलं, मी देवापाशी होते, मला काही दिसलं नाही. ते मुलीला आणि नातीला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी मी तुला म्हटलं, जा, माफी माग, घेऊन ये. तर तू मला विचारलंस, ‘तू कोणाच्या बाजूची?’ आणि पुण्याला गेलास. तीन वर्षं झाली. त्या प्रश्नाचं उत्तर तू ऐकायला थांबला नाहीस आणि मलाही ते द्यायला जमलं नसतं.

दिवाळीच्या फराळात कुंदा पाठवू का? नाही म्हणायला तरी एक ओळ लिही.

आई


४ ऑक्टोबर २०२४

चि. सुहास,

वर्ग सुटल्या सुटल्या लिहायला बसले आहे, अक्षर सांभाळून घे.

गाणं चालू होतं. मी विचारलं, ‘बाई कुठे?’ हल्ली निम्मी पोरं माझ्याकडे धावतात आणि निम्मी तोंडाला हात लावतात, सगळा सावळागोंधळ. कनका उभी राहिली, विचारात पडल्यासारखी. मग धावत आली, माझ्या मांडीवर चढली आणि तिने आपलं बोट माझ्या ओठांवर ठेवलं. आणि मोठ्यांदा म्हणाली, “बाई!” मराठीतली बाई आणि कानडीतली बायी, दोन्ही तिला एकाच जागी सापडली होती.

जूनमध्ये जी पोर एक शब्द काढत नव्हती तिने एवढं मोठं कोडं सोडवलं, आणि कोणी शिकवलं नव्हतं. सगळे टाळ्या वाजवायला लागले. ती उतरेना. वर्ग संपेपर्यंत मांडीवरच बसून राहिली आणि माझ्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत राहिली. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास होता.

‘मी तुझी आजी,’ हे शब्द माझ्या दातांपर्यंत आले होते. त्यावर तिचं बोट होतं.

मी गप्पच बसले. गिरिजाला कळलं तर ती पोरीला दुसऱ्या दिवसापासून बंद करील, आणि मला ते सोसणार नाही. आठवड्यातून तीन तास ती माझी नात आहे. तेवढ्यावर मी जगते आहे, सुहास. तू एकदा ये. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी चार वाजता. समोरच्या खिडकीतून नुसतं बघ. माझी शपथ, मी कोणाला सांगणार नाही.

आई


२२ नोव्हेंबर २०२४

सुहास,

आज चार वाजता कनका आली नाही. गिरिजा आली.

तीन वर्षांनी पाहिलं तिला. बारीक झाली आहे, केस कापलेत. पोरं तिच्याभोवती जमली, कनकाची आई, कनकाची आई म्हणून. तिने सगळ्यांच्या डोक्यावरून हात फिरवला, वर्ग संपेपर्यंत उंबऱ्यावर बसून राहिली, तिची मुलगी जिथे बसायची तिथेच. मी कसा वर्ग घेतला मला माहीत नाही. ढोलकीवर दोनदा ताल चुकला.

पोरं गेल्यावर तिने पिशवीतून कागद काढले आणि माझ्यासमोर सतरंजीवर मांडले. तुझ्या वकिलांनी कोर्टात दिलेला अर्ज, मुलीचा ताबा बापाला मिळावा म्हणून. आणि त्याला जोडलेल्या झेरॉक्स. माझं अक्षर मला ओळखायला वेळ लागला. ‘यायला सात वाजतात. तोवर अक्काताईच सगळं बघतात,’ याच्याखाली पिवळी रेघ. ‘आवाज झाला की अंग चोरतीया,’ याच्याखाली पिवळी रेघ. ‘माझ्या मांडीवर चढली,’ याच्याखालीही. आई सांभाळत नाही, पोर भेदरलेली आहे, आणि आजीकडे रमते. तिन्ही गोष्टी माझ्याच हाताने लिहिलेल्या. तू पाच पत्रांना उत्तर दिलं नाहीस, माझी समजूत होती की वाचत नसशील. तू एवढं नीट वाचत होतास.

मी तिला म्हटलं, गिरिजा, मला माहीत नव्हतं गं तो असं काही करील.

ती म्हणाली, “मला माहीत आहे तुम्हाला माहीत नव्हतं.”

मग तिने सांगितलं ते लिहिते. ती म्हणाली, “वर्ग कोणाचा आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. आवाज झाला की ती थिजायची. डॉक्टर म्हणाले, गाण्याच्या, हालचालींच्या वर्गाला घाला, हळूहळू निवळेल. बेळगावात हे तुमच्याइतकं चांगलं कोणाला येतं? मी त्याच घरात राहिलेय, बघितलंय ना तुम्हाला पोरांबरोबर. आठ दिवस विचार केला. मग म्हटलं, पाठवू. बाई कोणाला काही सांगणार नाहीत. गप्प बसणं त्यांना येतं.”

हे ती रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती ढोलकीवरचा डाग बघत म्हणाली. पूर्वी मला आई म्हणायची, आज सगळा वेळ बाई म्हणत होती.

मी विचारलं, कनका सोमवारपासून? ती म्हणाली, नाही. मी म्हटलं, मी तिच्याशी एक शब्द बोलणार नाही, फक्त गाणी म्हणीन. ती म्हणाली, “बाई, तिला तुमच्या वर्गाने किती दिलं ते मला कळतं. मी आंधळी नाही. पण ती तुमच्या मांडीवर बसली की त्याचा कागद होतो. मी काय करू, सांगा.” तुला सांगता येत असेल तर तूच सांग.

जाताना दारात वळून म्हणाली, “तिने मला गाणं शिकवलंय. रोज म्हणायला लावते.”

तुझी आई


११ डिसेंबर २०२४

सुहास,

अक्काताई भाजी मंडईत भेटल्या. म्हणाल्या, “बाई, पोरगी दर दोन दिसांनी चप्पल घालून दारात बसतीया. चार वाजलं म्हनतीया. तिला घड्याळ कळत न्हाय, तरी चारलाच बसतीया.” मी भाजी न घेता परत आले.

तू अर्ज मागे घे. मी हात जोडते. तुला मुलगी सांभाळायची नाही, तुला गिरिजाला हरवायचं आहे, हे मला कळतं, कारण मी तुझी आई आहे. तिला कसली भीती वाटते हे एकदा तरी विचारलंस का कोणाला?

माझ्या हातात काही नाही. पत्र लिहिणं होतं, त्याचंही तू असं केलंस. तरी लिहितेच आहे. दुसरं काय करू ते सुचत नाही.

आई


४ जानेवारी २०२५

सुहास,

काल तुझा फोन आला. तीन वर्षं मी त्या आवाजाची वाट पाहिली, तर धड ओळखताही आला नाही. तू ‘आई’ म्हणालास. एकदाच. मग म्हणालास, सतराला तारीख आहे, वकील तुला बोलावतील, घाबरू नकोस, दोनच वाक्यं सांगायची आहेत. नात माझ्याकडे रमते. आणि मी त्या दिवशी देवापाशी होते, मला काही दिसलं नाही. ‘तू आधी सांगितलंस तेच तर सांगायचंय,’ म्हणालास. मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. जेवलीस का, एवढं तरी विचारशील म्हणून फोन कानाला धरून बसले, पण तू ठेवलास.

आता नीट वाच. तू नीट वाचतोस हे मला समजलं आहे.

मी देवापाशी नव्हते. मी स्वयंपाकघराच्या दारात होते, दुधाचं पातेलं हातात घेऊन. गिरिजा ओट्यापाशी उभी होती, अबोली तिच्या कडेवर. पेज करपली म्हणून तू ओरडलास. ती म्हणाली, हळू बोला, बाळ घाबरतं. तू तिच्या थोबाडीत मारलीस. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्या वेळी मधे हात होता तो पोरीचा. मग तू स्टीलचं ताट जमिनीवर आपटलंस आणि त्या आवाजाने पोर रडायची थांबली. रडत होती, आणि एकदम थांबली. अंग चोरून आईच्या गळ्यात शिरली. तसंच अंग चोरून ती जूनमध्ये माझ्या उंबऱ्यावर बसली होती. नऊ महिन्यांच्या पोरीला काय आठवणार, असं मी स्वतःला हजार वेळा सांगितलं. मला ते अजूनही ठाऊक नाही. पण ती बसायची कशी ते मी पाहिलंय.

गिरिजाने त्या वेळी तुझ्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मी दूध गॅसवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिचे आप्पा विचारत होते तेव्हाही ती माझ्याकडेच बघत होती. मी बोलले असते तर तू तेव्हाच मला सोडून गेला असतास, म्हणून बोलले नाही. तरी तू गेलासच.

सतराला मी येईन. तुझ्या वकिलांनी बोलावलं म्हणून नाही. जे वर लिहिलंय ते सगळ्यांसमोर सांगेन. त्या दिवसाचं हे सगळं काल रात्रीच एका कागदावर लिहिलं आणि मीही त्याच्या झेरॉक्स काढल्यात, कोपऱ्यावरच्या दुकानात. एक तुला, एक गिरिजाच्या वकिलांना आज सकाळी देऊन आले. पिवळी रेघ मी कुठेही मारलेली नाही, सगळंच वाचावं लागेल.

याने काय होईल मला माहीत नाही. गिरिजाने निरोप पाठवलाय की ती बदली मागून घेतेय, पोरीला घेऊन बेळगावबाहेर जाईल, माझं सांगून झालं तरी जाईल. मला वाईट वाटू नये म्हणून आधीच कळवलं म्हणे. म्हणजे नात येणार नाही. तू तर येणार नाहीसच. माझ्या सांगण्याने मला काही मिळायचं नाही, ते सगळं केव्हाच हातचं गेलं. आणि तरी तू माझाच मुलगा आहेस, आणि काल फोन ठेवल्यावर मी तू जेवला असशील का हाच विचार करत होते. याला मी काय करू?

वर्ग चालू आहे. काल शुक्रवार होता. गाणं शेवटाला आलं, मी ढोलकी थांबवली आणि विचारलं, ‘बाई कुठे?’ नऊ पोरं धावत आली आणि नऊ जणांनी आपलं बोट माझ्या ओठांवर ठेवलं. नागोजीने तर बिस्किटाने माखलेलं. ही आता त्या गाण्याची रीतच पडली आहे. कनकाने पाडली हे त्यांच्या लक्षातही नाही. त्यांना वाटतं गाणं असंच आहे, बाई म्हणजे बाईचं तोंड.

नऊ बोटं ओठांवर असताना मला एक शब्द बोलता येत नव्हता. मी त्यांना लगेच हटवलं नाही, मनातल्या मनात पाच मोजले. मग एकेकाचं बोट धरून खाली केलं, पोरं घरी गेली, थोड्या वेळाने तुझा फोन येऊन गेला, आणि मी हे सगळं लिहायला बसले.

प्रमोदिनी
(तुझी आई)